वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ताट आणि सोबतीची माणसे

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना एक आहारतक्ता दिला जातो आणि तो बहुधा फ्रिजच्या दारावर चिकटवला जातो. पहिले दीड-दोन महिने त्यातली ओळ न ओळ पाळली जाते, कारण पोटच दुसरे काही स्वीकारत नाही. कस लागतो तो त्यानंतर, जेव्हा सगळे पदार्थ पचू लागतात, नातेवाइकांचे फोन थांबतात आणि तक्ता फ्रिजवर असूनही कोणाला दिसेनासा होतो. म्हणून हे मार्गदर्शन पहिल्या दोन महिन्यांपेक्षा पुढच्या काळासाठी अधिक आहे.

स्लीव्ह प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर केळ्याएवढ्या अरुंद नळीसारखे होते. काढलेल्या भागात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, त्यामुळे भूकही मंदावते. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून अन्नाला लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाबाहेरून वळवतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच भागात शोषले जात असल्याने ते पुढे आयुष्यभर गोळ्यांतून घ्यावे लागते. दोन्ही प्रकारांत वर्ष-दीड वर्षानंतर वजन उतरणे थांबते आणि भूक हळूहळू परत येऊ लागते. शस्त्रक्रिया तुम्हाला ही वर्ष-दीड वर्षाची सवलत देते. सवयी लावायच्या त्या याच काळात.

पहिले दोन महिने

आधी निवळ द्रव, मग दाट द्रव, मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा साधारण क्रम असतो. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा हे तुमच्या शल्यचिकित्सकानेच ठरवायचे, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या तक्त्यावरून नव्हे. मराठी स्वयंपाकघराला हे टप्पे अवघड नाहीत. गाळलेली पेज, वरणावरचे निवळ पाणी, पातळ ताक, मग दूध आणि गाळलेले सूप, मग घोटलेले मुगाचे वरण, कुस्करलेले पनीर, शिजवून घोटलेला दुधी हे आपल्या आजारपणाच्या स्वयंपाकातले ओळखीचेच पदार्थ आहेत. मात्र पातळ ते हलके ही समजूत येथे घातक ठरते. उसाचा रस, सरबत, मिल्कशेक आणि आईस्क्रीम अरुंद जठरातून विनाअडथळा सरकतात, पोट भरत नाही आणि उष्मांक मात्र पूर्ण मिळतात.

ताटाचा क्रम उलटा करणे

आपल्या पारंपरिक जेवणाची सुरुवात वरणभात आणि तुपाने होते. शस्त्रक्रियेनंतर नेमका हाच क्रम मोडावा लागतो, कारण जठरात जागा अर्ध्या वाटीची असेल आणि ती भाताने भरली, तर प्रथिनांना जागाच उरत नाही. म्हणून आधी पनीर, अंडे, मासे, उसळ किंवा घट्ट वरण, नंतर भाजी आणि जागा राहिलीच तर भाकरीचा तुकडा किंवा भाताचे दोन चमचे, हा क्रम घरच्यांना समजावून सांगावा. मऊ पोळी आणि चिकट भात अनेकांच्या पोटात गोळा होऊन बसतो, त्यामुळे नेहमीचे जेवण सुरू झाल्यावरही हे दोन पदार्थ सर्वांत शेवटी आणि थोडे-थोडे आजमावावेत.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे उद्दिष्ट बहुतेक रुग्णांना दिले जाते आणि शाकाहारी घरात ते सहज गाठले जाते असे समजणे हा भाबडेपणा आहे. हिशेब मांडून पाहा. २०० मिलिलिटर दुधात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, दीडशे ग्रॅम दह्यात सुमारे ५, वाटीभर घट्ट वरणात ६ आणि अर्धी वाटी मटकीच्या उसळीत ५ धरले, तरी बेरीज ४० ग्रॅमच होते. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत एवढे सगळे पोटात मावतही नाही. उरलेले २० ग्रॅम आहारतज्ज्ञाने सुचवलेल्या प्रथिनांच्या पावडरीतून घ्यावे लागतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कोकण-गोव्यातल्या मासे खाणाऱ्या घरांचे या बाबतीत बरे आहे: १०० ग्रॅम माशांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात आणि मासा चिकनपेक्षा मऊ असल्याने लवकर सोसतो. फक्त तो तळलेला नसावा.

खाण्याचे साधन बदलल्याने खाण्याची पद्धत बदलते. मोठे ताट कपाटात ठेवून लहान वाटी आणि चहाचा चमचा घ्यावा, घास बारीक होईपर्यंत चावावा, दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवावा आणि जेवणाला २० ते ३० मिनिटे द्यावीत. छातीच्या मध्यभागी दाब जाणवणे, उचकी लागणे किंवा एकाएकी नाक वाहू लागणे या अनेकांच्या बाबतीत पोट भरल्याच्या खुणा असतात. त्यानंतरचा एक घास उलटीला आमंत्रण देतो, म्हणून ताटात टाकू नये हा लहानपणचा संस्कार येथे बाजूला ठेवावा लागतो आणि मुळात कमी वाढून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

ताटाशेजारचे तांब्या-भांडेही हलवावे. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. पण उरलेल्या दिवसभरात घोट-घोट करून दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायलाच हवा. पहिल्या महिन्यांत पुन्हा रुग्णालयात जावे लागण्याचे एक मोठे कारण शरीरातले पाणी कमी होणे हे असते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फार लवकर होते.

सण, उपवास आणि चिवडा

बायपासनंतर गोड पदार्थ जास्त खाल्ला, तर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. यालाच डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथर आणि ग्लानी येते. स्लीव्ह झालेल्यांना हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असे नाही. मोदक किंवा श्रीखंड पाहून माणूस सावध होतो, कारण शरीराने एकदा शिक्षा दिलेली असते. माझ्या मते दिवाळीतला खरा शत्रू चिवडा आहे. तो कुरकुरीत, चावताच भुगा होणारा आणि जठरात न थांबता पुढे सरकणारा असल्याने त्याचा त्रास होत नाही, पोट भरल्याची खूणही मिळत नाही आणि टीव्हीसमोर बसून तीन वाट्या कधी संपल्या ते कळत नाही. चकली, शेव, वेफर्स आणि खारी बिस्किटे याच पंक्तीतली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वजन परत चढू लागलेल्यांनी आधी घरातले फराळाचे डबे तपासावेत.

उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यात श्रद्धा गुंतलेली असते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतो, त्यात प्रथिने नाममात्र. म्हणजे एकादशीला खिचडी खाल्लेल्या दिवशी प्रथिनांचा हिशेब कोसळतो. पहिले वर्ष उपवास करूच नयेत आणि निर्जळी तर कधीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते मान्य होणार नाही त्यांनी दूध, दही, ताक आणि पनीर यांवर उपवास करावा आणि राजगिऱ्याला साबुदाण्यापेक्षा वरचे स्थान द्यावे.

लग्नकार्यातला आग्रह हा तर आपल्याकडचा खास अडथळा. लांबलचक समजावणी दिली की वाद वाढतो, म्हणून एकच वाक्य ठरवून ठेवावे: “मावशी, पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय.” ज्यांना शस्त्रक्रियेची गोष्ट सांगायची नाही त्यांनी “आत्ताच जेवून उठलो” म्हणून हातात ताकाचा पेला धरावा. रिकामा हात दिसला की वाढपी थांबत नाही.

गोळ्या

जीवनसत्त्वे आणि खनिजे आयुष्यभर घ्यायची असतात: बी-१२, लोह, डी, थायामिन (म्हणजे बी-१) आणि दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांत आणि शक्यतो सायट्रेट स्वरूपात. प्रत्यक्ष मात्रा डॉक्टर ठरवतील. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही. शाकाहारी माणसाचे बी-१२ शस्त्रक्रियेपूर्वीच कमी असण्याची शक्यता असते, म्हणून पहिल्या वर्षी ठरल्या वेळी आणि नंतर दरवर्षी रक्त तपासावे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. बहुतेकांचे ते परत येतात, पण प्रथिने आणि लोह कमी पडत नाही ना, हे तेव्हा पाहावेच. उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, कारण थायामिनच्या अभावाने मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. विशेषतः बायपासनंतर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत आणि धूम्रपान सोडावे, कारण दोन्हींमुळे आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो.

आधारगट

हे सगळे एकट्याने पाळणारी माणसे असतात, पण थोडी. आहारतज्ज्ञ काय खावे ते सांगते. मात्र रात्री अकरा वाजता डब्याचे झाकण उघडताना काय वाटते, हे ज्याने तोच डबा उघडला आहे त्यालाच कळते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांना हात देतात आणि रुग्णांच्या पत्नींसाठीही तेथे वेगळे काम चालते. पुण्यातलेच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारी माणसे, यांना एकत्र आणते. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गटालाही याच धर्तीवर चालता येते.

गटाची चौकशी शस्त्रक्रियेच्या आधीच करावी. ज्या रुग्णालयात ती होणार आहे तेथे मासिक बैठक होते का हे विचारावे आणि एकदा जाऊन बसावे. तेथे सहा महिन्यांपूर्वीचे उत्साही रुग्ण बरेच भेटतील. तुम्ही मात्र पाच वर्षे झालेला माणूस शोधा आणि त्याला वजन किती उतरले हे विचारण्याऐवजी तिसऱ्या वर्षी काय झाले ते विचारा. बैठक होत नसेल तर चार ते आठ जणांचा गट पुरेसा असतो. महिन्यातून एकदा, दीड तास, शक्यतो कोणाच्या घरी न बसता ग्रंथालयाच्या किंवा सोसायटीच्या सभागृहात बसावे, कारण घरी बसले की यजमान काहीतरी करून आणतातच.

प्रत्येकाने गेल्या महिन्यातला जमलेला एक प्रसंग आणि फसलेला एक प्रसंग सांगावा, एवढी साधी रचना पुरते. काही नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवावेत. कोणी किती किलो उतरवले याची तुलना करू नये. स्लीव्हवाल्याने बायपासवाल्याला गोळीची मात्रा सांगू नये. सभागृहातले बोलणे सभागृहातच राहावे. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण अनेक स्त्रियांनी सासरच्या सगळ्यांना शस्त्रक्रियेबद्दल सांगितलेले नसते. दोन-तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला बोलवावे आणि वर्षातून एक-दोन बैठका घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट उपयोगी आहे, पण सुप्रभातच्या फुलांना आणि चमत्कारी काढ्यांना तेथे मज्जाव असावा.

एका गोष्टीकडे गटाने डोळे उघडे ठेवून पाहावे. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्यातून मिळणारा दिलासा बंद झालेला माणूस तिच्याकडे वळू शकतो. घरच्यांच्या आधी हे गटातल्या एखाद्याच्या लक्षात येते. अशा वेळी सर्वांसमोर न बोलता बाजूला घेऊन विचारावे आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जावे.

वजन परत वाढलेला माणूस बैठकीला येणे बंद करतो, हे जवळजवळ प्रत्येक गटात घडते. थोडे वजन परत येणे सामान्य आहे, पण त्याला ते स्वतःचे अपयश वाटते आणि सडपातळ झालेल्यांसमोर बसणे नको होते. म्हणून सुरुवातीपासून दोघा-दोघांच्या जोड्या लावाव्यात आणि जो दोन बैठका चुकवेल त्याला त्याच्या जोडीदाराने फोन करावा. त्या फोनवर वजनाचा आकडा विचारू नये. गेल्या तीन दिवसांत काय-काय खाल्ले ते त्याला कागदावर लिहायला सांगावे, रक्ततपासणी कधी झाली होती ते विचारावे, आहारतज्ज्ञाची वेळ त्याच फोनवर ठरवून द्यावी आणि पुढच्या बैठकीला त्याला घरून घेऊन यावे.