एक कोंबडी, तीन करी: तेल कुठे सुटू द्यायचं आणि कुठे नाही

भारतीय, थाई की जपानी, कोणत्या देशाची करी सरस? वेगवेगळ्या हॉटेलांत वेगवेगळ्या दिवशी खाऊन हे ठरत नाही. मांस वेगळं, मीठ वेगळं, भूकही वेगळी असते. एकाच कोंबडीच्या तीन करी एकाच दुपारी केल्या आणि शेजारी शेजारी ठेवून खाल्ल्या, की आपल्याला नेमकं काय आवडतं ते कळतं. आपल्याकडून कोल्हापुरी तांबडा रस्सा, थायलंडची हिरवी करी आणि जपानची घरगुती करी अशी निवड केली आहे, कारण या तिघींचे पाया पूर्ण वेगळे आहेत.

तिन्ही करताना लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं, ते म्हणजे तेल. मसाल्यांचा वास आणि मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगली विरघळतात. शिवाय वाटणात पाणी आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणजे ते शिजतं, पण परतलं जात नाही. पाणी उडून गेलं की मगच खमंगपणा येतो आणि कडेला तेल दिसू लागतं. तांबड्या रश्श्यात आणि हिरव्या करीत तेल सुटलं नाही तर करी कच्ची राहिली असं समजायचं. जपानी करीत मात्र तेल सुटलं तर ती बिघडली. तिथे सगळी स्निग्धता मैद्याने धरून ठेवायची असते.

कोंबडीची वाटणी

साफ केलेली, कातडी काढलेली सुमारे दीड किलोची कोंबडी घ्या. दोन्ही तंगड्यांचं मांस हाडांवरून सोडवून घ्या. ते साधारण 350 ग्रॅम भरतं आणि ते जपानी करीला जातं, कारण जास्त वेळ उकळलं तरी कोरडं पडत नाही. छातीचं मांस 400 ग्रॅमच्या आसपास मिळतं. त्याचे धाग्यांना आडवे, पातळ काप करून थाई करीसाठी ठेवा. उरलेला सांगाडा, पंख, मान आणि तंगड्यांची हाडं रश्श्याला. रश्श्याची चव हाडांत असते, म्हणून ही वाटणी त्याच्या फायद्याचीच आहे. प्रत्येक करी चार जणांना चाखून पोटभर होते. खाली मोठा चमचा म्हणजे 15 मिलिलिटर आणि छोटा म्हणजे 5 मिलिलिटर.

तिन्ही मिळून साधारण तीन तास लागतात. जपानी करी आधी करायची, कारण ती थांबली तरी बिघडत नाही. मग रस्सा. थाई सगळ्यात शेवटी, ताटं मांडायच्या बेतात असताना.

जपानी करी

ही जपानमध्ये थेट भारतातून गेली नाही. मेजी काळात (1868 ते 1912) ती इंग्रजांकडून करी पावडर आणि मैद्यासकट पोचली, आणि नौदलाच्या खाण्यात रुळली. आजही जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात शुक्रवारी करी-भात असतो. भारतीय पद्धतीची, हाडांसकट कोंबडीची करी तिथे नावारूपाला आली ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. टोकियोतल्या शिंजुकू भागात नाकामुराया या दुकानाने 1927 मध्ये ती विकायला सुरुवात केली. पण घराघरांत शिजते ती मैद्याचीच, आणि आपण तीच करणार आहोत.

दोन मोठे कांदे पातळ चिरून एक मोठा चमचा तेलात मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं, तपकिरी आणि मऊ होईपर्यंत परता. या करीला गोडवा इथून मिळतो, म्हणून आच वाढवून वेळ वाचवू नका. कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. त्यात मांसाचे मोठे तुकडे चार मिनिटं परता, एका गाजराचे जाड तुकडे आणि अर्धं किसलेलं सफरचंद घाला, 700 मिलिलिटर पाणी ओता. वर आलेला फेस काढून टाका. 15 मिनिटांनी दोन मध्यम बटाट्यांच्या मोठ्या फोडी घाला आणि आणखी 12 ते 15 मिनिटं शिजवा. बटाटे सुरुवातीलाच घातले तर विरघळून करीची खीर होते.

तोवर दुसऱ्या भांड्यात 40 ग्रॅम लोणी वितळवून 40 ग्रॅम मैदा मंद आचेवर ढवळत भाजा. 12 ते 15 मिनिटांत फिकट बदामी रंग आणि खमंग वास येतो. गॅस बंद करून दोन मोठे चमचे करी पावडर मिसळा. पावडर आचेवर घातली तर मेथी आणि हळद करपून कडवट होतात. तयार पावडर नसेल तर धणे, जिरे आणि हळद यांवर भर देऊन थोडी मेथी, मिरी, बडीशेप, दोन लवंगा, तीन वेलदोडे आणि अर्धा छोटा चमचा तिखट एकत्र दळा. गरम मसाला घालू नका, त्याने चव लगेच आपल्या वळणावर येते.

आता करीचं पातेलं गॅसवरून उतरवा. उकळत्या पाण्यात मैद्याचा गोळा टाकला की बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आत कोरडा मैदा अडकतो. गुठळ्या होतात त्या अशा. त्याऐवजी दोन पळ्या गरम पाणी मैद्याच्या मिश्रणात घालून ते गुळगुळीत करा, मग सगळं पातेल्यात ओता. मंद आचेवर तळ खरवडत 8 ते 10 मिनिटं शिजवा. एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा टोमॅटो केचप आणि चवीपुरतं मीठ घाला.

नीट घट्ट झालेली करी अर्ध्या तासाने पाण्यासारखी झाली तर दोन गोष्टी तपासा. मध घालायचा असेल तर तो मैद्याच्या आधी घालून 20 मिनिटं उकळावा लागतो, कारण मधात स्टार्च तोडणारी विकरं असतात. तेच आपल्या लाळेचं. उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात बुडवला तर करी हळूहळू पातळ होते. चव वाटीत काढून घ्या.

मैदा, स्निग्धता आणि मसाला एकत्र करून केलेल्या तयार वड्यांची पाकिटं वापरायला हरकत नाही. सफरचंद आणि मधाच्या चवीची वड्यांची करी जपानमध्ये 1963 पासून लाडकी आहे. मात्र कित्येक वड्यांत गाईची किंवा डुकराची चरबी असते. ज्यांना चालत नाही त्यांनी घटकांची यादी नीट वाचावी.

तांबडा रस्सा

आधी अळणी, म्हणजे तिखट न घातलेला हाडांचा पातळ रस, करून घ्यायचं. एक मोठा चमचा तेलात एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण, अर्धा छोटा चमचा हळद आणि एक छोटा चमचा मीठ घालून हाडांचे तुकडे पाच मिनिटं परता. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. तुकडे स्वतःच्या पाण्यात वाफवतात आणि झाकणावरचं पाणी तापत राहतं. तेच पाणी आणि आणखी गरम पाणी मिळून एक लिटर ओतून 30 मिनिटं शिजवा. गावरान कोंबडी असेल तर दुप्पट वेळ धरा.

वाटणाला 40 ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा कांदा, एक मोठा चमचा तीळ, एक छोटा चमचा भिजवलेली खसखस, दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर. खोबरं आधी चाखून बघा. किंचित खवट असलं तरी कितीही मसाला घातला तरी ते झाकलं जात नाही. खोबरं आणि कांदा वेगवेगळे भाजा, कारण खोबरं लवकर करपतं. कांदा गडद तपकिरी, खोबरं फक्त बदामी. दोन्हींचा रंग एकच करायला गेलात तर एकतर कांदा कच्चा नाहीतर खोबरं कडू.

पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून वाटण मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटं परता. आवाज ऐकत राहा. सुरुवातीला फडफड असते, पाणी आटलं की आवाज बारीक होतो आणि वाटण कडेने सुटून गोळा व्हायला लागतं. कडेला तेल दिसलं की आच अगदी कमी करून दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला आणि एक मोठा चमचा ब्याडगी मिरचीची पूड घाला. रंग ब्याडगीचा आणि झणका मसाल्यातल्या संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीचा. रंग कमी वाटला म्हणून लवंगी वाढवू नका. पूड अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, लाल रंग तपकिरी होतो आणि घशाला लागतो. लगेच गरम अळणी ओता, तुकड्यांसह. गार पाणी ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो, तेल वाटणातच अडकून राहतं आणि कट धड वर येत नाही. उकळी आल्यावर आच कमी करून 15 मिनिटं ठेवा आणि डाव घालून घुसळत बसू नका. वर लालभडक कट जमला की झालं. कट कमी आला तर त्याचं कारण जवळपास नेहमी परतण्यातली घाई असते, तेलाची काटकसर नव्हे.

थाई हिरवी करी

इथे परतायला वेगळं तेल लागत नाही, ते नारळातूनच काढायचं असतं. मोठ्या नारळाचा चव एक वाटी कोमट पाण्यात वाटून दाट रस पिळून घ्या, मग दोन वाट्या पाण्यात पुन्हा वाटून पातळ रस. दाट रस फ्रिजमध्ये तासभर ठेवला की साय वर येते. ती 150 मिलिलिटर काढून पसरट कढईत मध्यम आचेवर उकळवा. सहा ते आठ मिनिटांत ती फुटते आणि तेल सुटतं. आपल्याकडे नारळाचा रस फुटला की जीव हळहळतो, सोलकढीत तो दोषच आहे, पण इथे तो मुद्दाम फोडायचा. डब्यातला किंवा पाकिटातला रस घेतलात आणि तो कितीही उकळूनही फुटेना, तर त्यात स्थिर ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. मग वाट बघू नका, दोन मोठे चमचे खोबरेल किंवा साधं तेल घाला आणि पुढे चला.

वाटणाचं बरंचसं सामान आपल्या मंडईत मिळतं. गवती चहा तोच, पण पात्या नव्हे. बुंध्याकडचा फिकट, आठ-दहा सेंटिमीटरचा भाग हवा, दोन दांड्यांचा. कोथिंबिरीची चार-पाच मुळं जुडीबरोबर मागून घ्या आणि माती नीट धुवा. आठ-दहा तिखट हिरव्या मिरच्या, सांबाराचे चार कांदे, सहा लसूण पाकळ्या, भाजलेले एक छोटा चमचा धणे, अर्धा जिरे, अर्धा पांढरी मिरी. गलांगल या आल्यासारख्या दिसणाऱ्या कंदाचा दोन सेंटिमीटर तुकडा मात्र शोधायलाच हवा. आलं त्याची जागा घेत नाही, त्याने करी आपल्या रश्श्यासारखी लागते. माक्रूत या खडबडीत सालीच्या थाई लिंबाची साल मिळाली नाही तर साध्या लिंबाची फक्त हिरवी साल किसून घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. कोळंबीची खारवलेली पेस्ट नसेल तर एक मोठा चमचा भाजलेल्या सुकटीची पूड घाला. चव हुबेहूब येत नाही, पण खारा समुद्री पाया मिळतो.

खलबत्त्यात आधी कोरडे मसाले आणि मीठ, मग गवती चहा, गलांगल आणि मुळं, शेवटी मिरच्या, कांदे, लसूण कुटा. ओलं आधी घातलं तर धागे निसटतात आणि कुटले जात नाहीत. मिक्सर वापरलात तर पाण्याऐवजी दोन चमचे नारळाची साय घाला. पाणी घातलेलं वाटण फुटलेल्या तेलात परतलं जात नाही, नुसतं उकळतं.

फुटलेल्या सायीत वाटण चार-पाच मिनिटं परता. मिरचीचा कच्चा वास जाऊन ठसका लागला की 400 मिलिलिटर पातळ रस घाला, उकळी आल्यावर चार हिरव्या वांग्यांच्या फोडी. सहा-सात मिनिटांनी छातीचे काप, दोन मोठे चमचे फिश सॉस आणि एक मोठा चमचा माडाचा किंवा फिकट गूळ. काप तीन-चार मिनिटांत शिजतात, पुढे चिवट होतात. झाकण ठेवू नका, जास्त शिजवू नका, हिरवा रंग शेवाळी होतो. गॅस बंद करताना मूठभर सब्जाची पानं घाला. थाई बेझिल सब्जाचीच बहीण आहे, तुळस मात्र तिथल्या दुसऱ्या पदार्थांत जाते. आणि सवयीने लिंबू पिळू नका. या करीचा तोल खारट, गोड आणि तिखट असा आहे, आंबटाची तिथे जागा नाही.

वाढताना

जपानी, मग थाई, मग रस्सा, याच क्रमाने खा. उलट केलं तर कोल्हापूरनंतर बाकीच्या दोघी फिक्या वाटतील आणि तो निवाडा अन्यायाचा होईल. तिखट लागलं तर पाण्याने उतरत नाही, ताक किंवा दही घ्या. भातही वेगळे हवेत. जपानी करीला चिकट भात लागतो, आपला इंद्रायणी त्याचं काम उत्तम करतो. थाई करीला जास्मिन किंवा आंबेमोहर, मोकळा शिजवलेला. रश्श्याला ज्वारीची भाकरी, शेवटी थोडा भात.

एकेक घास घेताना तेल कुठे लागतं ते बघा. रश्श्यात ते ओठांवर आधी येतं, थाई करीत नारळाच्या गोडव्यामागून, जपानी करीत वेगळं जाणवतच नाही. ज्यांना झणझणीत आवडतं असं वाटत असतं, त्यांतल्या अनेकांना खरं तर दाटपणा हवा असतो. त्यांनी तिखट वाढवण्यापेक्षा वाटण वाढवावं.

उरलेली जपानी करी रात्रभर गॅसवर तशीच ठेवू नका. घट्ट करी आतून फार हळू निवते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकून कोमट, हवा न पोचणाऱ्या मध्यभागी वाढतात. तिन्ही करी उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तळापासून ढवळत खळखळून उकळा. जपानी करीत अर्धी वाटी पाणी घाला, थाई करीत पानं नव्याने, आणि रश्श्यावर थिजलेला कट काढून न टाकता तसाच वितळू द्या.