व्हॉट्सअ‍ॅप शिकायचंय? आधी घरच्या ग्रुपवर हात साफ करा

आईबाबांना किंवा सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅप शिकवताना पन्नास सूचना देत बसू नका. घरातल्या दोघातिघांचा एक वेगळा ग्रुप काढून द्या आणि सांगा, इथे वाट्टेल ते दाबून बघा. सोसायटीच्या ग्रुपवर चुकून फोटो गेला तर काय, ही धास्ती एकदा गेली की माणूस भराभर शिकतो.

सगळ्यात आधी मेसेज मागे घेणं शिकवा, कारण खरी भीती तिथेच असते. मेसेजवर बोट दाबून धरा, वरची कचऱ्याची पेटी दाबा, मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबलं तर तो मेसेज फक्त आपल्याला दिसेनासा होतो, बाकीचे निवांत वाचत राहतात! अशा वेळी खाली काही सेकंद ‘अनडू’ येतं, ते लगेच दाबायचं. हे दोन-तीनदा मुद्दाम चुकवून बघायला लावा. नुसतं टायपिंग चुकलं असेल तर 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्तही करता येतो.

व्हॉइस मेसेज, स्टेटस वगैरे पुढचं त्यांचं त्यांना जमतं. स्टेटस 24 तासांनी आपोआप जातं, त्यामुळे तिथे बिनधास्त प्रयोग करू द्या.

एका गोष्टीत मात्र प्रयोग नको: एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड कोणालाही सांगायचा नाही, अगदी ओळखीच्या नंबरवरून मागितला तरीही.