साध्या नंबर पॅडवरून एनव्हीडीए: एका बोटाने धडा ऐकण्याची सोय कशी करावी

हात थरथरतो, बोट हवं तिथे पडत नाही आणि डोळ्यांनाही छापील अक्षर नीट दिसत नाही, अशा मुलाला संगणकावर धडा ऐकवायचा म्हटलं की खरी अडचण सॉफ्टवेअरची नसते. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. घोडं अडतं ते कीबोर्डपाशी. शंभरेक बटणं, आणि एनव्हीडीएच्या बऱ्याचशा आज्ञा इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक धरून दुसरं बटण दाबायच्या. ज्याचा एकच हात कसाबसा चालतो त्याला ते जमत नाही. विंडोजमधलं स्टिकी कीज चालू केलं की भागेल असं वाटतं, पण ते फक्त शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज ही बटणं धरून ठेवतं. इन्सर्ट त्यात येत नाही.

मोठ्या बटणांचा परदेशी कीबोर्ड मागवण्याआधी हिशेबनीस वापरतात तो सुटा यूएसबी नंबर पॅड वापरून बघा. चार-पाचशे रुपयांत मिळतो. एनव्हीडीएने वाचनाच्या जवळजवळ सगळ्या आज्ञा नंबर पॅडवर एकेकट्या बटणांना दिलेल्या आहेत. दृष्टिहीन लोक त्या रोज वापरतात. हाताच्या अडचणीसाठी त्यांचा उपयोग करावा हे मात्र फारसं कुणाला सुचत नाही.

कोणतं बटण काय करतं

नंबर पॅडवरचा नम लॉक (पॅडवरून आकडे उमटवणारं बटण) बंद हवा. मग वरच्या रांगेत ७ म्हणजे मागची ओळ, ८ म्हणजे चालू ओळ पुन्हा, ९ म्हणजे पुढची ओळ. मधल्या रांगेत ४, ५, ६ हेच काम शब्दांसाठी करतात आणि खालच्या रांगेत १, २, ३ अक्षरांसाठी. ५ लागोपाठ दोनदा दाबलं की शब्द सुटा करून सांगितला जातो. शुद्धलेखनाला हे फार कामी येतं. उजवीकडचं उभं + दाबलं की जिथे आहे तिथून पुढे सलग वाचन सुरू होतं आणि कुठलंही बटण दाबलं की थांबतं. पुन्हा + दाबलं की साधारण तिथूनच पुढे.

मांडणीही सोयीची निघते. सगळ्यांत जास्त लागणारं + दुप्पट उंचीचं आहे. सगळ्यांत रुंद बटण ०, म्हणजेच नंबर पॅडवरचं इन्सर्ट. ते एकटं दाबलं तर काहीच होत नाही. त्यामुळे दोन दाबांच्या मधे हात टेकवायला ती हक्काची जागा. ५ वर बारीक उंचवटा असतोच. ८, ९ आणि + वर वेगवेगळ्या पोताचे तुकडे (वेल्क्रो, सँडपेपर, रबर) चिकटवले की बोटाला ओळख पटते.

पॅड विकत घेताना

दुकानातच लॅपटॉपला लावून दोन गोष्टी तपासा. नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करा, नम लॉक बंद करा आणि ८ दाबा. कर्सर वरच्या ओळीवर गेला पाहिजे. काही स्वस्त पॅड लॅपटॉपचा नम लॉक बिघडू नये म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर आपणहून नम लॉक चालू-बंद करतात. असा पॅड एनव्हीडीएबरोबर धड चालत नाही, तो नको. दुसरं म्हणजे ००० असं वेगळं बटण असलेला पॅड टाळा. ते बटण ० तीनदा पाठवतं आणि उगाच गोंधळ होतो.

वायरवालाच घ्या. बिनतारी पॅड थोडा वेळ न वापरल्यास झोपतो आणि पहिलं बटण वाया जातं. दाबूनही काही झालं नाही की मूल दुसऱ्यांदा जोरात दाबतं, मग दोन ओळी पुढे जातात.

एनव्हीडीएची तयारी

हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एनव्ही अॅक्सेसच्या संकेतस्थळावरून एनव्हीडीए उतरवून घ्या. पहिल्यांदा सुरू करताना कीबोर्डची मांडणी विचारली जाते, तिथे डेस्कटॉप ठेवा, लॅपटॉपवर बसवत असलात तरीही. साइन-इन झाल्यावर आपोआप सुरू व्हावं, ही खूणही तिथेच करा.

इन्सर्ट आणि कंट्रोल धरून एस दाबलं की आवाजाचं इंजिन निवडता येतं. त्यात ईस्पीक एनजी ठेवा. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजांच्या यादीत मराठी निवडा. आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी मुलं नाक मुरडतात. वेग २० ते २५ वर आणा आणि विरामचिन्हं वाचण्याची पातळी ‘नन’ करा, नाहीतर मधली काही चिन्हंही वाचली जातात. आठवडाभरात कान सरावतो, मग वेग थोडा थोडा वाढवा.

आता धोक्याची दोन बटणं. पॅडवरचं / म्हणजे एनव्हीडीएसाठी माउसची डावी क्लिक आणि * म्हणजे उजवी. चुकून हात लागला की भलतंच उघडतं. एनव्हीडीएच्या मेनूत प्रेफरन्सेस, त्यात इनपुट जेश्चर्स उघडा. टेक्स्ट रिव्ह्यू या गटात पहिल्या ओळीवर नेणारी आज्ञा निवडा, अॅड दाबा, पॅडवरचं * दाबा, ओके करा. तसंच / ला वेळ सांगण्याची आणि - ला खिडकीचं शीर्षक सांगण्याची आज्ञा द्या. आता * दाबलं की धडा पहिल्यापासून, - दाबलं की कोणता धडा उघडा आहे ते.

धड्याची फाइल

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. वाचन नीट होतं की नाही, हे पॅडपेक्षा फाइलवर ठरतं.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ असेल तर एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठी जशीच्या तशी आली तर उत्तम. रोमन अक्षरांची खिचडी आली किंवा वेलांट्या भलत्या जागी गेल्या, तर ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनलेली आहे. तिचा मजकूर एनव्हीडीएला कळणार नाही. मग गूगल ड्राइव्हवर पानं चढवा आणि उजव्या क्लिकने गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली मराठी ओळखून मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, म्हणजे दोन-चार पानांचे तुकडे करून चढवा.

मिळालेला मजकूर एकदा वाचून काढल्याशिवाय मुलाला देऊ नका. अनुस्वार गळतात. ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. भूगोलाच्या धड्यात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होत्या त्या ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतात, आणि ऐकणाऱ्याला डोंगरात समुद्र कुठून आला ते कळत नाही. डोळ्यांनी वाचणारा अशी चूक सावरून घेतो. कानांनी वाचणाऱ्याला ती सोय नाही. चित्रातल्या नावांचे तुकडे परिच्छेदात घुसतात तेही काढून टाका, आणि चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा.

आता एक वाक्य, एक ओळ अशी मांडणी करायची, म्हणजे ९ दाबलं की नेमकं पुढचं वाक्य येईल. त्याआधी मजकुरातली लघुरूपं मोकळी करा: ‘डॉ.’चं डॉक्टर, ‘इ. स.’चं इसवी सन, ‘कि. मी.’चं किलोमीटर. ती राहिली तर वाक्य तिथेच तुटेल, आणि आवाजही त्यांचा उच्चार विचित्र करतो. मग वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबून पूर्णविराम व मोकळी जागा शोधा आणि त्या जागी .^p घाला (^p म्हणजे नवी ओळ). प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासाठी हेच करा. तिथे शोधायचं आणि घालायचं चिन्ह बदलतं, ^p तेच राहतं. कवितेला मात्र हात लावू नका, तिच्या ओळी आहेत तशाच हव्यात.

तयार मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. सेव्ह करताना खाली एन्कोडिंगची यादी असते, त्यात ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा. आन्सी राहिलं तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते आणि ती परत आणता येत नाही. एका धड्याची एक फाइल ठेवा आणि नाव मराठीत, ‘इतिहास धडा ४’ असं स्वच्छ.

ही फाइल मुलाला नोटपॅडमध्ये उघडून देऊ नका. नम लॉक बंद असताना पॅडवरचं टिंबाचं बटण डिलीटचं काम करतं आणि एंटरने नवी ओळ पडते. दहा मिनिटांत धड्याची चाळण होते. फाइलवर उजवी क्लिक करून एज ब्राउझरमध्ये उघडा. तिथे काही पुसलं जात नाही. फक्त एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडच्या (ब्राउझरमधलं पान वाचण्याच्या पद्धतीच्या) सेटिंगमध्ये एका ओळीतल्या अक्षरांची कमाल मर्यादा १०० असते, ती २५० करा. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे १०० ची मर्यादा चौदा-पंधरा शब्दांतच संपते आणि वाक्य मध्येच तुटतं. फाइल उघडताच वाचन आपोआप सुरू व्हायला नको असेल, तर त्याची खूणही याच ठिकाणी काढता येते.

फाइल उघडून देण्याचं काम मात्र मोठ्या माणसाकडेच राहतं. पॅडवरचे बाण एनव्हीडीएने घेतलेले असतात, त्यामुळे त्यांनी फाइल निवडता येत नाही.

हाताशी जुळवणं

पॅड टेबलावर सरकता कामा नये. खाली घसरण थांबवणारी रबरी जाळी आणि वेल्क्रोच्या दोन पट्ट्या पुरतात. पॅड कीबोर्डच्या जागी, समोर मधोमध असायला हवा असं काही नाही. कोपर टेकून हात जिथे सहज पडतो तिथे लावा, मग ते खुर्चीच्या हातावर का असेना.

बोट घसरून शेजारच्या बटणावर जात असेल तर पॅडवर झाकण करून घ्या. पाट्या बनवणाऱ्या दुकानात ३ मिमी अॅक्रिलिक लेझरने कापून मिळतं. पॅडचा समोरून सरळ फोटो आणि प्रत्येक बटणाचं माप द्या. भोकं बटणाच्या माथ्याएवढी किंवा किंचित मोठी आणि झाकण बटणांपेक्षा ३ ते ५ मिमी वर. मग हात झाकणावर टेकवून बोट भोकातून खाली घालता येतं. नम लॉक, टिंब, एंटर आणि बॅकस्पेस या ठिकाणी भोक पाडायचंच नाही. सुरुवातीला तर ८, ९ आणि + एवढीच तीन भोकं ठेवा. बाकीची नंतरच्या झाकणात.

आता विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, फिल्टर कीज. इथे आधी मूल कसं चुकतं ते अर्धा तास नुसतं बघा. थरथरीमुळे एकाच दाबात दोनदा बटण लागून ओळ निसटत असेल, तर बाउन्स कीज ०.५ सेकंदावर ठेवा. हव्या त्या बटणाकडे जाताना वाटेतल्या बटणांना ओझरता हात लागत असेल, तर स्लो कीज, म्हणजे थोडा वेळ दाबून धरलेलं बटणच मोजलं जातं. बोट उचलायला वेळ लागून ओळी धडाधड पुढे पळत असतील, तर रिपीट कीजमध्ये पुनरावृत्ती बंद करा. बाउन्स कीज आणि स्लो कीज एकत्र चालत नाहीत, एकच निवडावं लागतं. स्लो कीज लावल्यावर मुलाला सांगा की बटण टोचायचं नाही, दाबून ठेवायचं. नाहीतर पॅड बंद पडला असंच त्याला वाटेल.

ही सेटिंग लॅपटॉपच्या कीबोर्डलाही लागू होते. त्यामुळे नंतर घरातलं कुणी टाइप करायला बसलं की कीबोर्ड खराब झाल्याची तक्रार येते. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरलं की फिल्टर कीज बंद करता येतं.

अचानक चालेनासं झालं तर

दहापैकी आठ वेळा नम लॉक चालू झालेला असतो. बरेच संगणक सुरू होतानाच तो चालू करतात. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगच्या त्याच पानावर टॉगल कीज चालू करून ठेवा, म्हणजे नम लॉक चालू होताना चढा आणि बंद होताना खालचा सूर वाजेल. मुलं हा फरक पटकन शिकतात.

एनव्हीडीए भलतीच बटणं आणि मेनू वाचायला लागलं, तर फोकस दुसऱ्या खिडकीत गेला आहे. ऑल्ट आणि टॅबने धड्यावर परत या. मराठी मजकूर इंग्रजी आवाजात किंवा अक्षर-अक्षर येत असेल तर आवाजाची निवड पुन्हा तपासा आणि इन्सर्ट, कंट्रोल, सी दाबून सेटिंग जतन करा.

डोळ्यांनी वाचणारं मूल

दृष्टी चांगली आहे, फक्त हात चालत नाही, अशा मुलाला एनव्हीडीए नको. शब्दावर रंग सरकताना दिसलेला त्याला जास्त उपयोगी. एजमधलं रीड अलाउड ते करतं, आणि इंटरनेट असेल तर आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज कानाला खूपच गोड आहेत. त्याचा शॉर्टकट कंट्रोल, शिफ्ट आणि यू. मायक्रोसॉफ्टचं फुकट पॉवरटॉइज बसवून त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये पॅडचं + या शॉर्टकटला जोडा. एका बटणात वाचन सुरू, त्याच बटणाने बंद. एनव्हीडीए त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर बोलतात.

शाळा आणि परीक्षा

एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पेनड्राइव्हवर पोर्टेबल प्रत करता येते. तिथे सध्याची सेटिंग सोबत घेण्याची खूण केली, की आपण बदललेली बटणं, आवाज, वेग सगळं तिच्याबरोबर जातं. फिल्टर कीज मात्र विंडोजचं असल्यामुळे शाळेच्या संगणकावर वेगळं लावावं लागतं. ती मापं कागदावर लिहून पॅडच्या तळाला चिकटवा.

केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर परीक्षा देणाऱ्याला स्वतःचा लॅपटॉप आणू देऊ नये असं म्हटलं होतं, पण कीबोर्ड, खास माउस यांसारखी साधनं आणू द्यावीत आणि आदल्या दिवशी संगणक तपासू द्यावा, असंही त्यात होतं. सध्या लागू असलेल्या सूचना बघून शाळेकडे अर्ज करताना हा मुद्दा लिहा, आणि पॅड, झाकण, रबरी जाळी यांचा नावानिशी उल्लेख करा. आदल्या दिवशी गेलात की आधी नम लॉक बघा, मग आवाजांच्या यादीत मराठी आहे का ते, आणि शेवटी मुलाला त्याच खुर्चीवर बसवून पाच ओळी ऐकू द्या. टेबलाची उंची घरच्यापेक्षा चार बोटं जास्त निघाली, तरी कोपर टेकत नाही आणि झाकणाची भोकं चुकायला लागतात. त्यासाठी पॅडखाली किंवा खुर्चीवर घालायला एखादी चपटी उशी बरोबर न्या.