वाळवंटात गाडीत राहायला जाताय? आधी पाण्याचं बोलू

मागच्या रविवारी आमच्या कोथरूडच्या घरी चार मुलं येऊन बसली होती, दोघं ऑगस्टमध्ये फिनिक्सजवळ टेंपीला शिकायला निघालेत आणि एक जोडपं तिथल्याच चँडलरला नोकरीवर चाललंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की काकू तुम्ही हिवाळाभर अमेरिकेत ऍरिझोनाच्या वाळवंटात गाडीत राहता म्हणे, किती स्वस्त पडतं, आम्हालाही जमेल का. तेव्हा चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण अर्धं राहूनच गेलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. आम्ही दोघं २००६ ला पुण्याहून फिनिक्सला गेलो, आधी फक्त शनिवार-रविवार गाडीत काढायचो आणि २०१६ पासून नोव्हेंबर ते मार्च पूर्ण सीझनच तिकडे काढतो, आणि उन्हाळा सुरू झाला की सरळ पुण्याला येतो.

उन्हाळ्याचं आधी सांगते कारण टेंपीला जाणारी मुलं ऑगस्टमध्येच पोचणार आणि पोचल्या पोचल्या उत्साह असतो. मे ते सप्टेंबर खालच्या म्हणजे कमी उंचीवरच्या वाळवंटात गाडीत राहायचा विचारसुद्धा करायचा नाही. २०२३ मध्ये ३० जूनपासून फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४० झालं की आपण कासावीस होतो, तरी आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो. तिकडे रात्रीसुद्धा गाडीचा पत्रा तापलेला असतो. ज्यांना उन्हाळ्यातही गाडीत राहायचंय ते वर डोंगरात चढतात, फ्लॅगस्टाफ साधारण ७००० फुटांवर आहे, तिथल्या नॅशनल फॉरेस्टमध्येही फुकट उतरता येतं. पण पहिल्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरची वाट बघा.

आता फुकट म्हणजे काय ते. तिकडे बीएलएम नावाचं केंद्र सरकारचं जमीन सांभाळणारं खातं आहे, त्यांच्या मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस मुक्काम करता येतो, पैसे नाहीत. चौदा दिवस झाले की ऍरिझोनात तिथून २५ मैलांच्या बाहेर जायचं. क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे, फिनिक्सहून आय-१० हायवेने पश्चिमेला दोन तास, त्याच्या चारही बाजूंना अशी जमीन आहे, प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश ही नावं लक्षात ठेवा. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, जानेवारीत मात्र दगड-रत्नांच्या जत्रा भरतात तेव्हा चहूकडे गाड्याच गाड्या. (त्या गावच्या दफनभूमीत हाजी अली नावाच्या उंटवाल्याची दगडी पिरॅमिडसारखी समाधी आहे, वर तांब्याचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले त्यांच्याबरोबर हा आला आणि तिथलाच होऊन १९०२ मध्ये वारला. लोकांना हाजी अली म्हणता येईना म्हणून हाय जॉली केलं. मी दर वर्षी पोचल्यावर तिथे एकदा जाऊन येते, आपल्याआधी कुणीतरी इतक्या लांबून आलं होतं हे बरं वाटतं.)

सारखं हलायचं नसेल तर एलटीव्हीए म्हणजे बीएलएमचीच दीर्घ मुक्कामाची जागा घ्यायची, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा त्यांचा सीझन असतो, आम्ही पहिल्यांदा घेतलं तेव्हा पूर्ण सीझनचं परमिट १८० डॉलर आणि दोन आठवड्यांचं ४० डॉलर होतं, जायच्या आधी ताजा दर बघून घ्या. गावाच्या दक्षिणेला ला पोसा आहे तिथे पिण्याचं पाणी, कचरा टाकायची सोय, टाकी रिकामी करायची सोय सगळं त्याच पैशात. पण एक नियम नवीन लोकांना माहीत नसतो, ज्यांच्या गाडीत सांडपाण्याची टाकी नाही, म्हणजे तुमची साधी मिनीव्हॅन, त्यांनी सार्वजनिक संडासापासून ५०० फुटांच्या आतच उतरायचं. आणि सगळी मोकळी जमीन बीएलएमची नसते हो, मध्येच स्टेट ट्रस्टची म्हणजे राज्याची जमीन येते तिथे वेगळं परमिट लागतं, मध्येच नेटिव्ह अमेरिकन लोकांची येते तिथे त्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, ऐन वेळी रेंज नसते.

आता पाणी. माझं मुलांना पहिलं सांगणं हेच असतं की काटकसर करायची तर सगळ्यात करा पण पाण्यात आणि कागदपत्रांत करू नका. माणशी दिवसाला ४ लिटर हे फक्त पिण्याचं धरा, तहान लागली नाही तरी प्यायचं, कारण हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, आल्या आल्या वाळतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम येत नाहीये. आम्हा दोघांना स्वयंपाक, भांडी, हातपाय धरून आठवड्याला ८० लिटर लागतं, २० लिटरचे चार कॅन. त्याशिवाय पाचवा कॅन भरलेला, त्याला हात लावायचा नाही, तो गाडी बंद पडली तर. गावात पाणी भरायची मशीन असतात, नाणी टाकली की गॅलनवर पाणी मिळतं, अगदी स्वस्त आहे, त्यामुळे पाणी वाचवून पैसे वाचतात हा हिशोबच चुकीचा आहे. पाणी वाचवायचं ते परत भरायला गावात जायचं पेट्रोल वाचावं म्हणून. खर्च खरा पेट्रोलचा असतो. एका जागी चौदा दिवस बसलात तर स्वस्त, रोज नवीन जागा बघत हिंडलात तर फ्लॅटच्या भाड्याइतकं पेट्रोल जळेल.

भांड्यांचं सांगते. ताट आधी पोळीच्या तुकड्याने पुसून खायचं, मग कागदाने कोरडं पुसायचं, मग स्प्रेच्या बाटलीने चार फवारे मारायचे आणि परत पुसायचं, दोन ताटं, दोन वाट्या आणि कुकरचं भांडं एवढं एका कपात होतं. आमच्या सासूबाई पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघत होत्या तेव्हा त्यांना ते खरकटंच वाटलं, पण उन्हात पालथी ठेवली की दहा मिनिटांत खडखडीत. कुकर मात्र हवाच हवा, गॅसही वाचतो आणि पाणीही, खालच्या पाण्यात दुसऱ्या दिवशी हात-तोंड धुऊन होतं. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, भाजणीचं थालीपीठ, कोरडा ठेचा, एवढ्यावर आठवडा जातो.

मोड आणायला जाल तर फसाल. मी पहिल्या वर्षी पुण्यासारखी मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधून ठेवली, दोन तासांनी बघते तर फडकं पापडासारखं कडक आणि मटकीची सालं सुरकुतलेली. आता मी ओलं फडकं स्टीलच्या डब्यात ठेवते, झाकण किंचित सैल, आणि डबा रात्री पांघरुणात माझ्या पायाशी, कारण रात्री थंडी इतकी असते की उघड्यावर मोडच येत नाहीत. सकाळी डबा उघडला की तो आपला ओला वास येतो. त्याच कोरड्या हवेचा फायदाही घ्यायचा, पाण्याच्या बाटलीवर सुती मोजा चढवायचा, मोजा ओला करायचा आणि सावलीत वाऱ्याला टांगायची, एप्रिलमधल्या माठापेक्षा गार पाणी मिळतं.

रात्रीची थंडी हा सगळ्यांचा दुसरा धक्का. दिवसा २० अंश, छान ऊन, आणि पहाटे ४-५, कधी त्याहून खाली. तेव्हा लोक गाडीत गॅसचा हीटर लावून झोपतात, ते करू नका. झोपायच्या आधी अर्धा तास लावा, खिडकी दोन बोटं उघडी ठेवून, मग बंद करा आणि जाड रजईत झोपा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, फार महाग नसतो, आणि उशाशी लावा. हे मी आग्रहाने सांगतेय.

विजेला छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरते, हिवाळ्याच्या उन्हातही दिवसाला साधारण पाऊण युनिट वीज मिळते, त्यातली निम्मी छोटा फ्रीज खातो, उरलेल्यात फोन, लॅपटॉप, दिवा. इंडक्शनचा नाद करू नका, स्वयंपाक गॅसवर.

जागा निवडताना आमची झालेली चूक सांगते. पहिल्याच सीझनला आम्हाला एक सुंदर सपाट वाळूची जागा दिसली, दोन्ही बाजूंना झाडं, वारा अजिबात नाही, आणि आम्ही गाडी आत घातली. तो वॉश होता, म्हणजे कोरडा ओढा. मागची चाकं अर्धी रुतली. गाडी ओढून काढायला एकाला फोन केला तर त्याने असा आकडा सांगितला की आमचा महिन्याचा खर्च त्यात गेला असता. शेवटी लांबून एक सत्तरीचे आजोबा फावडं घेऊन चालत आले, चारही टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायला लावली, चाकांपुढची वाळू काढली, आमच्याच पायपुसण्या चाकाखाली घातल्या आणि गाडी हळूच मागे आली. तेव्हापासून फावडं, हवेचा मीटर आणि बारा व्होल्टचा पंप कायम गाडीत. पण रुतणं ही छोटी गोष्ट, वॉशमध्ये उतरायचंच नाही, कारण पाऊस वीस मैल लांब डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना लोंढा येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात पूर आलेल्या आंबिल ओढ्याने काय केलं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगू. ऍरिझोनात तर कायदाच आहे, पाणी आलं म्हणून अडथळे लावलेल्या रस्त्यात गाडी घातली आणि सुटका करायला लागली तर तिचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकतात.

शेजाऱ्यांचंही सांगायला हवं. आपण पुण्यात मोकळं मैदान असलं तरी चार माणसं बसलीत तिथेच जाऊन बसतो, सोबत वाटते. तिकडे कुणाच्या शेजारी खेटून गाडी लावली तर त्यांना त्रास वाटतो, आवाज पोचणार नाही एवढ्या लांब उतरायचं आणि मग चालत जाऊन हात करायचा. पण दिवसा बॉनेट उघडं दिसलं की तीच माणसं विचारायला येतात. बॉनेटवरून आठवलं, तिकडचे पॅकरॅट नावाचे उंदीर इंजिनात घरटं करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून रात्री लोक बॉनेट उघडंच ठेवतात, तुम्हीही ठेवा. आणि खिशात साधा कंगवा ठेवा, चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला की बोटांनी काढायला गेलात तर बोटांतही रुततो, कंगव्याने झटकायचा.

संडासचं स्पष्टच लिहिते. सार्वजनिक सोय नसेल तिथे वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून २०० फूट लांब, आणि कागद खड्ड्यात टाकायचा नाही, वाळवंटात तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पिशवीत घालून परत आणायचा. आपली बाटलीची सवय इथे फार कामाची.

आता कागदपत्रं. तुम्ही नागरिक नसाल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत सरकारला एआर-११ फॉर्मने कळवावं लागतं (विद्यार्थ्यांनी कॉलेजमार्फत), त्यामुळे भाड्याची खोली सोडून पूर्णवेळ गाडीत राहायला जाणं विद्यार्थ्यांनी आणि एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी करू नये, खोली ठेवा आणि सुट्ट्यांमध्ये जा. एच-१बी तर ठराविक कामाच्या जागेला बांधलेला असतो, वाळवंटात बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचं असेल तर आधी कंपनीच्या वकिलाला विचारा. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या युमाच्या बाजूला गेलात तर हायवेवर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, सीमा नाही ओलांडली तरी लागते, म्हणून आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) किंवा ग्रीन कार्ड अंगावर असायलाच हवं, कायद्यानेच, आणि पासपोर्टही जवळ ठेवा. युमाजवळून चालत मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेसला जाऊन स्वस्तात दात करून येतात लोक, ते ऐकून तुम्ही लगेच निघू नका, तुमच्या व्हिसावर परत येता येईल का हे आधी बघा.

आजाराची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिकडच्या धुळीत एक बुरशी असते, तिने व्हॅली फीव्हर होतो, खोकला, ताप, आठवडेच्या आठवडे थकवा. आमच्या ह्यांना एका वर्षी पुण्यात आल्यावर खोकला थांबेना, छातीच्या फोटोत डाग दिसला आणि टीबीच्या तपासण्या सुरू झाल्या, डॉक्टरांची काहीच चूक नव्हती, आम्हीच सांगितलं नव्हतं की आम्ही हिवाळाभर ऍरिझोनाच्या धुळीत होतो. तुम्ही सुट्टीला घरी आलात आणि खोकला असला तर पहिल्या वाक्यात हे सांगा.

घरच्यांशी रोज एक वेळ ठरवून बोला. ऍरिझोनात घड्याळ मागेपुढे करत नाहीत त्यामुळे पुण्याशी फरक बारा महिने साडेबारा तासांचाच, तिकडे सकाळचे ७ म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात. मी रोज सातला आईला फोन करते, तिची दिवेलागण झालेली असते आणि माझा चहा उकळत असतो, आणि जागा बदलणार असलो तर नवीन जागेचं नाव आईला आणि फिनिक्सच्या एका मैत्रिणीला दोघींनाही कळवते, दोन सकाळी फोन आला नाही तर कुणाला कळवायचं हे मैत्रिणीला लिहून दिलंय.

सामानाचं शेवटचं. रजई, स्टोव्ह, कॅन सगळं तिकडे सेकंडहँड मिळतं, इथून ओझं नेऊ नका. भाजणी आणि मेतकूट न्या, तीन लिटरचा कुकर न्या, आणि कुकरची जास्तीची रिंग आणि शिट्टी तुळशीबागेतून घेऊन ठेवा, मी एकदा रिंग फाटल्यावर क्वार्ट्झसाइटहून फिनिक्सला दोन तास गाडी हाकून गेलेय.