लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्याआधीची तयारी

डेस्कटॉपवर ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप कारखान्यात ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सुरुवात पॉवर लिमिटची पट्टी उजवीकडे सरकवून होते. लॅपटॉपवर एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाच्या सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम उघडला की ही पट्टी बहुधा करड्या रंगात बंद दिसते आणि व्होल्टेजची पट्टीही तशीच. कार्डाला किती वॅट मिळतील हे लॅपटॉपच्या कंपनीने व्हीबायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरवून टाकलेलं असतं आणि विंडोजमधून ते सहसा बदलत नाही. म्हणून इथे सगळा खेळ मिळालेल्या वॅटमध्ये जास्त मेगाहर्ट्झ, म्हणजे चिपचा जास्त वेग (क्लॉक), बसवण्याचा आहे, आणि तयारीही त्याच हिशेबाने करायची.

सगळ्यात आधी आपल्या कार्डाचे वॅट शोधा. नाव सारखं असलं तरी वॅट सारखे नसतात: आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकतं. दुसऱ्याने दिलेले आकडे आपल्या लॅपटॉपवर उतरत नाहीत, त्याचं पहिलं कारण हेच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. डायनॅमिक बूस्ट असेल, तर प्रोसेसर निवांत असताना त्याच्या वाट्याचे काही वॅट कार्डाकडे वळतात, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये हा वाटा त्या आकड्यात आधीच धरलेला असतो. मग जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा सेन्सर टॅब उघडा, नेहमीचा गेम चालवा आणि परफकॅप रीझन ही ओळ बघा; कार्डाचा वेग कशाने अडला ते ती सांगते. तिथे पॉवर दिसत असेल, तर खाली कर्व्ह एडिटरसोबत सांगितलेला अंडरव्होल्टचा, म्हणजे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर चालवण्याचा, मार्ग तुमचा. थर्मल दिसत असेल, तर आधी थंडाव्याचं काम, क्लॉकला हात नंतर. व्होल्टेज दिसत असेल, तर वॅट शिल्लक आहेत आणि साध्या ऑफसेटने, म्हणजे मूळ क्लॉकवर ठराविक मेगाहर्ट्झची भर घालूनही, फरक पडेल.

आता वस्तूंकडे. लॅपटॉपसोबत आलेलाच अडॅप्टर लावा. १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर मोठं कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही आणि बॅटरीवर तर क्लॉक मुद्दाम खाली ठेवलेले असतात, त्यामुळे त्या अवस्थेत घेतलेले आकडे निरुपयोगी. बॅटरीही भरलेली असू द्या, कारण काही लॅपटॉप जड कामात अडॅप्टरला बॅटरीची जोड देतात आणि ती उतरली की कार्डाचे वॅट कापतात. लॅपटॉपची मागची बाजू दोनतीन सेंटिमीटर उचला आणि जाळ्यांतली धूळ काढा. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग जातं.

चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या थर्मल पेस्टची तपासणी लॅपटॉप उघडल्याशिवायही होते. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) या दोन ओळी शेजारी ठेवून वीस मिनिटं भार द्या. दोन्हींत १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचा समजा. २५ च्या वर गेला, तर पेस्ट वाळली आहे किंवा चिपवरून सरकली आहे. (आरटीएक्स ५०च्या मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही.) पेस्ट बदलायची ठरवली, तर आधी वॉरंटीचे नियम वाचा आणि मेमरीवरचे थर्मल पॅड किती जाडीचे आहेत ते मोजून लिहून ठेवा. जाड पॅड बसवला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. कारखान्यातून लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरलेला, वीज वाहणारा पातळ धातू) लावून आलेला लॅपटॉप मात्र सवय नसेल तर उघडूच नका. ते मदरबोर्डवर ओघळलं तर शॉर्ट होतो.

यानंतर परतीची वाट. या टप्प्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि नेमका तोच वगळल्यावर रात्र जाते. कामाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, रिस्टोअर पॉइंट तयार करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर किंवा कागदावर उतरवून घ्या; सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करताना, ती मागितली जाऊ शकते. खात्याचा पासवर्डही आठवत असावा, कारण सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही. आतल्या ग्राफिक्सचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एनव्हिडियाचा सध्याचा आणि त्याआधीचा चांगला चाललेला ड्रायव्हर, आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर म्हणजे डीडीयू, हे सगळं पेनड्राइव्हवर हवं. आफ्टरबर्नर एमएसआयच्या किंवा गुरुथ्रीडीच्याच साइटवरून घ्या. त्याच्या नावाच्या बनावट साइटवरून मालवेअर वाटलं गेलेलं आहे.

ड्रायव्हर साफ करण्याचा क्रम चुकला, तर केलेली मेहनत वाया जाते. आधी इंटरनेट तोडा, वायफायही बंद करा. नाहीतर जुना ड्रायव्हर निघाल्यावर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवतं आणि दोन आवृत्त्यांचे अवशेष एकत्र राहतात. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवा, एनव्हिडिया निवडा, साफ करून रीस्टार्टचा पर्याय घ्या. मग आतल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, रीस्टार्ट, आणि शेवटी एनव्हिडियाचा. आतल्या ग्राफिक्सकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ऑप्टिमस (दोन ग्राफिक्समध्ये काम वाटणारी एनव्हिडियाची सोय) असलेल्या लॅपटॉपमध्ये मोठ्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कार्डाने काढलेलं चित्र आतल्या ग्राफिक्समार्गेच पडद्यावर येतं, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर बिघडला तरी दोष एनव्हिडियाच्या माथी जातो. आतल्या ग्राफिक्ससाठी लॅपटॉप कंपनीचाच ड्रायव्हर बरा, कारण ब्राइटनेसच्या कळा आणि झोपेतून जागं होणं यांसारख्या गोष्टींची चाचणी त्या ड्रायव्हरची त्याच लॅपटॉपवर झालेली असते. एनव्हिडियाचा मात्र थेट एनव्हिडियाकडून घ्यायला हरकत नाही.

काहीही न वाढवता एक पूर्ण दिवस नेहमीचं काम करून बघा. मूळ क्लॉकवरच पडदा काळा होत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग सध्या बाजूला. स्थिर असेल, तर पायाचे आकडे घ्या. लॅपटॉप कंपनीच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये एकच मोड ठरवा आणि त्याने स्वतःहून ऑफसेट लावला आहे का ते तपासा. काही कंपन्यांचा टर्बो मोड कोअर (कार्डाची मुख्य चिप) आणि मेमरीला आधीच थोडी भर घालतो. त्यावर आफ्टरबर्नर चालवलं की दोघं एकमेकांची सेटिंग पुसत राहतात. पंखे ठराविक वेगावर ठेवा. टाइम स्पाय किंवा सुपरपोझिशन ही गुण देणारी चाचणी एकदा नुसती लॅपटॉप तापवण्यासाठी चालवा, मग सलग तीन वेळा चालवून गुण, सरासरी क्लॉक, वॅट आणि तापमान लिहा. थंड मशीनचा पहिला गुण नेहमी फसवतो.

आफ्टरबर्नरमध्ये विंडोजसोबत ओव्हरक्लॉक लागू करण्याची खूण अजून करू नका. त्यामुळे काहीही अडलं तरी रीस्टार्ट झाल्यावर कार्ड मूळ जागी येतं. कोअरला आधी ६० मेगाहर्ट्झ द्या, मग १५-१५ ने वाढवा. ट्युरिंग, म्हणजे आरटीएक्स २०च्या मालिकेपासून आरटीएक्स ४०पर्यंतची कार्डं १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनीच चालतात, मधले आकडे देऊन उपयोग नाही. बहुतेक लॅपटॉप कार्डं १०० ते २०० च्या दरम्यान कुठेतरी थांबतात. मेमरी वेगळी तपासायची, कोअर शून्यावर आणून. तिला २०० पासून शंभराच्या टप्प्याने वाढवा आणि दर टप्प्याला गुण मोजा. अनेक नव्या कार्डांवर मेमरीतली चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी लगेच काही कोसळत नाही, फक्त गुण घसरू लागतात. घसरण दिसली की दोनशे मागे या. आणखी एक अडचण आहे: मेमरीही त्याच वॅटमधून खाते. कमी वॅटच्या कार्डावर मेमरी हजाराने चढवली, तर कोअरचा क्लॉक खाली येऊन एकूण फायदा शून्य होऊ शकतो.

पॉवरने अडलेल्या कार्डासाठी खरा फायदा कर्व्ह एडिटरमध्ये आहे; अंडरव्होल्ट इथेच होतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की तो उघडतो. आडवं व्होल्टेज, उभा क्लॉक. चिपचा वीजवापर क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तरी बरेच वॅट सुटतात. गेममध्ये कार्ड कोणत्या व्होल्टेजवर आणि क्लॉकवर बसतं ते बघा. समजा ९०० मिलिव्होल्टला १७५५ मेगाहर्ट्झ आहे. मग ८५० मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १७५५ वर न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीला सपाट करा आणि लागू करा. स्थिर राहिलं, तर तोच बिंदू १५-१५ ने वर. हे काम मशीन तापलेलं असताना करा. बूस्टची यंत्रणा तापमान वाढलं की अख्खी रेषा एकेक पायरी खाली सरकवते; थंड असताना १८०० ला ठेवलेला बिंदू गरम झाल्यावर १७७० दाखवतो आणि माणूस उगीच बिघाड शोधत बसतो.

तपासणीसाठी फरमार्क या भार देणाऱ्या प्रोग्रॅमवर भिस्त ठेवू नका. तो इतके वॅट खेचतो की क्लॉक खूप खाली येतो आणि तुम्ही बदललेला वरचा बिंदू वापरलाच जात नाही. थ्रीडीमार्कची वीस फेऱ्यांची स्ट्रेस टेस्ट घ्या. ती ९७ टक्के स्थिरतेला उत्तीर्ण ठरवते. मेमरीसाठी ओसीसीटी या प्रोग्रॅममधली व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी, आणि त्यापुढे रे ट्रेसिंगचा एखादा जड गेम दोनतीन तास. मेनूतून खेळात, खेळातून मेनूत अशा उड्याही मारा. बरेच कर्व्ह भाराखाली टिकतात आणि भार अचानक बदलताना पडतात.

बिघडलं तर लक्षणं वाचायला शिका. चित्रात ठिपके, चमकणारे त्रिकोण किंवा चुकीचे रंग आले, तर आधी मेमरी उतरवा. गेम बंद पडून डेस्कटॉप परत आला, तर कोअर किंवा कर्व्हचा बिंदू १५ ते ३० ने खाली. लॅपटॉप थेट बंद झाला, तर उष्णता किंवा अडॅप्टर तपासा. पडदा गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करून बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्लेची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही आणि विंडोजने त्याला पुन्हा उठवलं. ही वाट बघण्याची मुदत मुळात दोन सेकंदांची असते. रजिस्ट्रीत ती वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. लांबलचक गणनांच्या कामाला तो ठीक आहे, अस्थिर क्लॉकवर मात्र त्याने फक्त गोठलेला पडदा जास्त वेळ बघायला मिळतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (विंडोजने कार्ड थांबवल्याची खूण) आला, तर लॅपटॉप बंद करून अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. गेलं नाही, तर वरच्या क्रमाने ड्रायव्हर पुन्हा बसवा. त्यानंतरही मूळ क्लॉकवर तोच कोड आला, तर हार्डवेअरचा संशय धरावा. कार्ड यादीतून पूर्ण गायब असेल, तर घाबरण्याआधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला इको मोड बघा, तो मोठं कार्ड बंदच करून ठेवतो.

विंडोजसोबत सुरू होण्याची खूण आठवडाभर सगळं नीट चालल्यावर करा आणि प्रोफाइल सेव्ह करताना कर्व्हचा स्क्रीनशॉटही ठेवा. नवा ड्रायव्हर टाकण्याआधी ऑफसेट शून्यावर आणा, ड्रायव्हर बसवा, मूळ क्लॉकवर एक चाचणी घ्या आणि मगच जुनं प्रोफाइल लावा. लावल्यावर कर्व्ह उघडून स्क्रीनशॉटशी ताडून बघा. बिंदू सरकलेले असतील, तर रीसेट करून हाताने पुन्हा बसवा.