छातीत मशीन बसवलंय? मग या चुका टाळा

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या) पेशंटला आयसीडी किंवा सीआरटी-डी हे मशीन बसवून घरी आणलं, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते: ‘आता मशीन आहे ना’ म्हणत गोळ्या सुटायला लागतात. आयसीडी जीवघेणे वेगवान ठोके ओळखून शॉक देतं. सीआरटी-डी तेही करतं, शिवाय हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एका लयीत चालवतं. पण अंगात साठलेलं पाणी यातलं एकही काढत नाही. ते काम लघवीच्या गोळीचं. म्हणून रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पायावर सूज यायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

शेंगाचटणी, लोणचं, पापड यांतलं मीठ आपण मोजतच नाही. त्यावर उपाय म्हणून काहीजण कमी सोडियमचं मीठ आणतात. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. विचारल्याशिवाय ते वापरू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर दिवसभर उभं राहून कंबर धरली, की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं. या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, किडनीवरही ताण येतो. मला ही चूक मिठापेक्षा जास्त घातक वाटते, कारण ती कुणी डॉक्टरांना सांगतच नाही.

मशीनची माहिती दवाखान्याला पाठवणारा, उशाशी ठेवायचा मॉनिटर दिला असेल, तर मे महिन्यात कूलर लावायला त्याचाच प्लग काढला जातो. बरेच मॉनिटर पेशंट झोपेत असताना माहिती पाठवतात. प्लग निघाला की ती थांबते. आणि तो चालू असला, तरी पलीकडे चोवीस तास कुणी डोळे लावून बसलेलं नसतं. दम लागला, छातीत दुखलं तर थेट १०८ लावा.

शॉक एकदाच बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले किंवा शुद्ध हरपली, तर १०८. शॉकच्या वेळी पेशंटला हात लागला तर फार तर झिणझिण्या येतात, धोका नसतो. घाबरून लांब उभे राहू नका.

मोबाइल शर्टाच्या खिशात नको, मशीनपासून किमान १५ सेंटिमीटर लांब. वेल्डिंगचं काम करत असाल तर आधी विचारून घ्या. मशीनचं कार्ड कायम जवळ ठेवा आणि एमआरआय सांगितला, तर सगळ्यात आधी ते दाखवा.