मिडल मेनिंजियल आर्टरी बंद करताय? डोळ्याबाबत या चुका टाळा

क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमासाठी (मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणाऱ्या रक्तासाठी) मिडल मेनिंजियल आर्टरी आतून, कॅथेटर म्हणजे बारीक नळीतून कण किंवा द्रव सोडून, बंद करण्याचे काम झपाट्याने वाढते आहे. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावरच्या मोठ्या चाचण्या छापून आल्या, त्यानंतर तर जास्तच. "ही धमनी मेंदूच्या आवरणाची, बंद केली तर बिघडतंय काय?" असं शिकणारी मुलं विचारतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. कारण हिच्यातून डोळ्यात जायची वाट असते.

गर्भावस्थेत डोळ्याच्या खोबणीला काही काळ स्टेपिडियल आर्टरीची एक शाखा रक्त पुरवते. पुढे ही धमनी विरते आणि तिचा मुलूख ऑफ्थॅल्मिक (डोळ्याची मुख्य धमनी) व मिडल मेनिंजियल या दोघींत वाटला जातो. वाटणी झाली तरी मधली दारं पुरती बंद होत नाहीत. एक दार सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून, म्हणजे खोबणीच्या मागच्या फटीतून. दुसरं त्याच्या थोडं बाहेरच्या बाजूला, स्फेनॉइड हाडातल्या बारीक भोकातून, मेनिंगोलॅक्रिमल फोरामेनमधून. हे सगळ्यांत नसतं. डिसेक्शन हॉलमधली सुकी कवटी उजेडाकडे धरून खोबणीत बघा. भोक दिसलं तर त्यातून झाडूची काडी घाला, ती कवटीच्या आत निघते. एकदा हातानं केलं की विसरत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कोरॉइडल ब्लश, म्हणजे डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरात डाय भरल्याची खूण, न शोधता पुढे जाणं. इंटर्नल कॅरॉटिडमध्ये (मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी, ऑफ्थॅल्मिक हिचीच फांदी) डाय सोडून लॅटरल व्ह्यूमध्ये, म्हणजे बाजूने घेतलेल्या चित्रात, नेत्रगोलाच्या मागच्या कडेला बीजेच्या चंद्रासारखी बारीक कोर उमटते का, ते शेवटच्या फ्रेमपर्यंत बघा. ती दिसली नाही, तर डोळ्याचं रक्त बहुधा बाहेरून, मिडल मेनिंजियलमधून येतंय. तीच कोर मेनिंजियलच्या इंजेक्शनमध्ये दिसली, तर तिथून धमनी बुजवणारं काहीही सोडायचं नाही. रेटिनाच्या मध्य धमनीला पर्यायी रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; ती बुजली की दृष्टी गेली.

आणि मेनिंजियलच्या इंजेक्शनमध्ये कोर दिसली नाही म्हणजे दार नाही, असंही धरू नका. जोरात इंजेक्शन दिलं किंवा पुढची वाट भरत आली, की दाब वाढतो आणि झोपलेली जोडणी जागी होते. म्हणून मायक्रोकॅथेटर (सगळ्यात बारीक नळी) डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीच्या पुढे न्या, हळू सोडा, मध्ये थांबून पुन्हा चित्र घ्या. फार बारीक कण आणि पातळ द्रव ही दारं सहज ओलांडतात. लिडोकेन टेस्ट (बुजवण्याआधी बधिर करणारं औषध सोडून दृष्टीवर परिणाम होतो का ते बघणं) उपयोगी आहे, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

उलटाही प्रकार भेटतो. एक्स्टर्नल कॅरॉटिडमध्ये (चेहरा-टाळूकडे जाणारी धमनी, एरवी मेनिंजियल हिच्यातूनच येते) डाय सोडला तरी मेनिंजियल दिसतच नाही आणि नवखा माणूस कॅथेटर चुकला समजून शोधत बसतो. आधी सीटीवर फोरामेन स्पायनोसम, म्हणजे ही धमनी कवटीत शिरते ते भोक, बघा. ते नसेल किंवा अगदी लहान असेल, तर धमनी ऑफ्थॅल्मिकमधून निघालेली असू शकते. नाकाच्या मुळाशी वाढलेल्या मेनिंजिओमाचंही (मेंदूच्या आवरणाच्या गाठीचंही) तेच: तिला रक्त देणाऱ्या एथमॉइडल फांद्या ऑफ्थॅल्मिकच्याच, त्यामुळे तिथे कॅथेटरपेक्षा सर्जन बरा.

पेशंट जागा असेल, तर प्रत्येक टप्प्यावर एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. भूल दिलेली असेल, तर शुद्धीवर येताच, वॉर्डात पाठवण्याआधी.